तुझ्यासारख्या शंभर कोणी मोजल्याच नाहीत

महालक्ष्म्यांच्या आदल्या आठवड्यात माझ्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात सर्दी-तापापेक्षा जास्त गर्दी आई-लेकींची असायची. आई खुर्ची पुढे ओढून हळूच सांगायची, "मॅडम, पोरीची तारीख नेमकी पूजेत येऊन राहिली. त्या गोळ्या लिहून द्या ना." पोरगी पंधराची, एखादी चौदाची. गोळ्या म्हणजे हार्मोनच्या, पाळी पुढे ढकलणाऱ्या. मी नकार दिला की त्या बाया तोंड वाकडं करून उठायच्या आणि समोरच्या मेडिकलमधून त्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय घेऊन जायच्या. इतक्या वर्षांत त्यांतल्या एकीनेही मला विचारलं नाही की याने पोरीला काही धोका तर होणार नाही ना.

जिमला जाणारे पोट्टे दंड फुगवायला सुया टोचून घेतात, त्या हार्मोनच्या. गावोगावचे पुडीवाले गुडघेदुखीवर जी जादूची पुडी देतात, तिच्यात स्टेरॉइड असतं, तेही हार्मोनच. वर्षभर ती पुडी खाऊन चेहरा भोपळ्यासारखा सुजलेली एक आजी माझ्याकडे आली होती. साखर वाढलेली, कातडी कागदासारखी. मी पुडी बंद केली तर म्हणाली, "बहुत गुनाची पुडी होती, बाई. तुमच्याच औषधानं बिघडलं मले."

हार्मोन म्हणजे काही जादूटोणा नाही. शरीरातल्या काही ग्रंथी रक्तात थोडंसं रसायन सोडतात आणि त्यावर हाडं, केस, आवाज, भूक, पाळी, मिशी असं बरंच काही चालतं. ते बाहेरून द्यायचं तर काय मिळेल आणि काय बिघडेल याचा विचार करून द्यायचं, आणि दिल्यावर रक्त तपासत राहायचं. एमडी होऊन आधी सरकारी दवाखान्यात आणि मग स्वतःच्या दवाखान्यात मी जन्मभर हेच केलं. बहुतेक वेळा थायरॉइडच्या आणि साखरेच्या पेशंटसाठी. या जिल्ह्यात पसापसाने हार्मोन खाल्ले जातात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. फक्त एकाच पेशंटच्या वेळी नातेवाइकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना अचानक हार्मोनच्या धोक्यांची आठवण झाली. त्या पेशंटची ही हकीकत. तिला विचारून लिहिते आहे, नाव तेवढं बदललं आहे.

तिला मयूरी म्हणू. सिहोऱ्याकडच्या एका गावची, धानाची शेती असलेल्या घरातली. जन्माच्या दाखल्यावर तिचं नाव मुलाचं आहे. ते मला ठाऊक आहे आणि मी ते इथे लिहिणार नाही. मी तिला ती म्हणते. ज्यांना हे खटकेल त्यांनी या दिवाळी अंकाची पुढची पानं उलटून फराळाच्या पाककृती वाचाव्यात.

ती माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा सहा-सात वर्षांची होती, सिकलसेलची पेशंट म्हणून. आमच्या भागात हा आजार घरोघर माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहायच्या सोडून विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे असं दुखतं की मोठा माणूस भिंतीवर डोकं आपटतो. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला की हे सुरू. आईबाप दोघांकडून दोष आला तरच पूर्ण आजार होतो. मयूरीला दोघांकडून आला होता. वडील ती लहान असतानाच वारले. आई सुनंदाबाई बोलायला कमी, पण सिकलसेलची रोजची कॅप्सूल कधी चुकू द्यायची नाही. बाकी सगळा भार मामावर. मामा अड्याळचा, म्हणजे माझ्याच गावचा, म्हणून मला "ताई" म्हणायचा. हा माणूस पुढे माझ्या डोक्यात जाणार होता, म्हणून आधीच सांगते की पोरीला कळा सुरू झाल्या की मोटरसायकलवर मधे बसवून तोच आणायचा, आणि रक्त लागलं तर पहिला हात त्याचा पुढे असायचा.

सिकलसेलच्या मुलांना वयात यायला उशीर होतो. बरोबरीच्या पोरांना मिशा फुटतात, आवाज फुटतो आणि ही मुलं तशीच बारकी राहतात. पंधरा-सोळाची मुलं माझ्याकडे येऊन खाली मान घालून विचारायची, "मॅडम, मले मिशी कधी येईन?" मी सांगायचे, येईल, धीर धर.

मयूरीनेही सोळाव्या वर्षी विचारलं. आई बाहेर औषध घ्यायला गेली होती.

"मॅडम, सिकलसेलवाल्याले मिशी उशिरा येते ना?"

"हो. काळजी नको करू, येईल."

"नाही आली तं चालते मले." मग दाराकडे पाहून, "येऊ नाही द्यायची असं काही औषध आहे का?"

तिने मला जे सांगितलं ते ऐकायला थोडाच वेळ लागला. बोलायची तयारी बहुधा तिने बरीच वर्षं केली असावी. ती पहिल्यापासून मुलगी आहे, हे तिला माहीत होतं, आणि आजाराने तिचं वयात येणं लांबवलं याचा तिला आनंद होता. कळांनी तडफडणारी ती पोर त्याच आजाराचे आभार मानत होती. ओठावर बारीक काळसर लव दिसू लागली होती आणि त्यामुळे ती रोज आरशासमोर रडत होती.

मी आईला आत बोलावलं. मयूरीनेच सांगितलं. सुनंदाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि एवढंच म्हणाल्या, "मले वाटलंच होतं." मी नागपूरच्या एका हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांशी बोलले. वयात येणं थोपवून धरणाऱ्या सुया असतात, पण त्यांनी हाडं अशक्त होण्याची भीती असते, आणि सिकलसेलवाल्यांची हाडं आधीच कच्ची. शिवाय अल्पवयीन, घरच्यांची संमती हवी. मी हे सगळं मायलेकींना सांगितलं. सुनंदाबाई म्हणाल्या, भावाला विचारते.

भाऊ दुसऱ्याच दिवशी आला. मोटरसायकलवरून, पोरीला न घेता.

"ताई, तुमी गावच्या आहात म्हणून विश्वासानं येतो. याले ठीक करा. सिकलसेलनं दिमागावर असर झाला काय?"

"सिकलसेलचा याच्याशी काही संबंध नाही, भाऊ. आणि ठीक करण्यासारखं यात काही नाही. तिला वेळ द्या, मानसतज्ज्ञांना दाखवू, घाईने काही करायचं नाही."

"ती नका म्हणू. अन् कोणते हार्मोन देनार म्हणता? रिएक्शन आली तं कोण जबाबदार?"

प्रश्न रास्त होता. मी मनापासून उत्तर दिलं. कोणत्या औषधाने काय होऊ शकतं, काय माहीत नाही, का थांबायला हवं. तो मान हलवत ऐकत होता. जाताना म्हणाला, "आमी हार्मोनच्या भानगडीत नाही पडत, ताई. गरीब लोक आहोत आमी."

काही महिन्यांनी थंडीच्या दिवसांत मयूरीला भरती करावी लागली. या वेळी नुसत्या कळा नव्हत्या. छातीत दुखत होतं, श्वास लागला होता, ऑक्सिजन खाली. सिकलसेलमध्ये फुप्फुसात पेशी अडकतात तेव्हा असं होतं आणि त्यात माणूस हाताबाहेर जाऊ शकतो. तिचं थोडं रक्त काढून दुसरं चढवलं, ऑक्सिजन लावला, नागपूरला पाठवायची तयारी केली, पण सुदैवाने ती सावरली. तिला तपासताना मला दंडावर सुयांच्या खुणा दिसल्या आणि चेहऱ्यावर दाट मुरमं. रक्त चढवण्याआधीच हिमोग्लोबिन तिच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा बरंच वर होतं. मी मामाला बाहेर नेलं.

"काय टोचलं?"

"ताकदीची सुई, ताई."

"कोणती?"

मग कळलं. बसस्टँडच्या भिंतीवर ज्याच्या जाहिराती असतात अशा एका गुप्तरोगवाल्याने लॉजच्या खोलीत बसून मयूरीला पुरुषी हार्मोनच्या सुया दिल्या होत्या. मर्द बनवायला. दर पंधरवड्याला एक. पोरगी नको म्हणत होती, मामाने हात धरला होता.

"त्याने रक्त तपासलं?"

"नाही."

"सिकलसेल आहे हे सांगितलं?"

"त्यानं पुसलंच नाही."

"भाऊ, तुम्ही माझ्यासमोर बसून म्हणालात, आम्ही हार्मोनच्या भानगडीत पडत नाही."

मी कोणत्या हार्मोनबद्दल बोलते आहे ते त्याला कळेना. त्याच्या लेखी हार्मोन म्हणजे पोराला पोरगी करतात ते. पोराला पोरगा करायला दिलं ते हार्मोन नव्हतं, ती ताकद होती. 'ताकदीची सुई' या दोन शब्दांत मला आमच्या सगळ्या समाजाचं औषधशास्त्र कळलं. त्या सुयांनीच छाती भरली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. थंडी होती, पोर नीट पाणी पीत नव्हती, इतरही कारणं असू शकतात. पण रक्त दाट करणारं औषध, दाट रक्तात पेशी अडकणाऱ्या रोग्याला, आणि तेही तिच्या मर्जीविरुद्ध. याला मी धोका म्हणत नाही. याला माझ्याकडे दुसरा शब्द आहे, तो दिवाळी अंकात छापता येत नाही. त्या लॉजवाल्याची मी तक्रार केली. तो दुसऱ्या गावी गेला. जाहिराती अजून भिंतीवर आहेत.

मयूरी अठरा पूर्ण होऊन माझ्याकडे आली तेव्हा एकटी आली. केस खांद्यापर्यंत, ओढणी. तिने आल्या आल्या पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. गर्भनिरोधक गोळ्या. फोनवर कुठेतरी वाचून ती त्या गोळ्या घेत होती, एकाऐवजी एका दिवसात तीन-तीन.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. मॅडम, रागावू नका. तुमी म्हणालत्या थांब, म्हणून मी थांबली. आता थांबता नाही येत."

मी रागावले नाही. पाकीट उलटं करून त्यावरचे घटक वाचले. त्या गोळ्यांतलं इस्ट्रोजेन रक्तात गुठळ्या करण्यात सगळ्यात वाईट जातीचं. सिकलसेलमध्ये गुठळी होण्याचा धोका आधीच जास्त. म्हणजे हिने पेट्रोलच्या टाकीशी बसून काडी ओढली होती आणि नशिबाने ती पेटली नव्हती. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. त्या बंद केल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, डॉक्टरपुढे दोन रस्ते असतात, औषध द्यायचं किंवा नाही द्यायचं. मयूरीच्या बाबतीत दुसरा रस्ता नव्हताच. मी हात झटकले असते तर तिने समोरच्या मेडिकलमधून पुन्हा तेच पाकीट आणलं असतं, आणि तिथे तिला कोणीच विचारणार नव्हतं. म्हणून मी आणि नागपूरचे हार्मोनतज्ज्ञ, सोबत एक रक्तविकारतज्ज्ञ, असे तिघे डोकं लावून बसलो. गोळीने द्यावं तर यकृतातून जाऊन रक्त गोठवणारी द्रव्यं वाढतात. कातडीला चोळायच्या जेलने तो धोका कमी दिसतो. पुरुषी हार्मोन दाबायला जी स्वस्त गोळी सर्रास देतात, तिने लघवी जास्त होते. बाकीच्यांना चालेल. पण सिकलसेलवाल्याच्या अंगातलं पाणी काढणं म्हणजे कळांना बोलावणं. ती बाद. त्याऐवजी दर काही महिन्यांनी एक सुई. मूल हवं असेल तर वीर्य आधी साठवून ठेवावं लागतं, नंतर जमेलच असं नाही. हे आम्ही तिला सांगितलं. ती म्हणाली, "माझं रक्त कोणाले देऊन काय करू, मॅडम?" मी म्हटलं, आज असं वाटतं, दहा वर्षांनी वेगळं वाटेल, घरी जाऊन विचार कर. तिने महिनाभर विचार केला आणि नकोच म्हणाली.

शेवटी तिने विचारलं, "शंभरातून किती जनींले रक्ताची गाठ होते?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"मयूरी, सिकलसेलवाली आणि तुझ्यासारखी, अशा शंभर कोणी मोजल्याच नाहीत. मोजल्या असत्या तर सांगितलं असतं. मी अंदाज सांगितला तर ती थाप असेल."

ती म्हणाली, "पहिल्यांदा कोणी मले खरं सांगतलं."

ज्यांना सगळ्याचीच खात्री असते अशा माणसांचा मला नेहमीच तिटकारा आहे आणि त्या दिवसांत ते चहूकडून येत होते. अशा मुलांना सल्ला देणाऱ्या शहरातल्या कोणा बाईंचा फोन आला. मयूरीने त्यांचा नंबर इंटरनेटवरून मिळवला होता. त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, हे हार्मोन एकदम सेफ असतात. तुम्ही मुलांना उगाच घाबरवता. हे गेटकीपिंग झालं, पेशंटची वाट अडवणं." मी विचारलं, "सिकलसेल म्हणजे काय माहीत आहे?" त्या म्हणाल्या, गूगल करते. मी फोन ठेवला.

दुसऱ्या बाजूला आमच्या भंडाऱ्यातले एक वरिष्ठ सर्जन. नाव सांगत नाही, लोक ओळखतीलच. डॉक्टरांच्या एका बैठकीत चहा घेताना ते सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, ऐकतो ते खरं का? पोराटोरांना हार्मोन देऊन राहिल्या तुम्ही? धोक्यांचा काही पुरावा वाचलाय?"

"वाचलाय. तुम्ही कोणता वाचला?"

"माझ्याकडे आलाय. पाठवतो." संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. कोणत्या तरी देशातला एक माणूस कोणावर तरी ओरडत होता. हेच गृहस्थ पाठदुखीच्या प्रत्येक पेशंटला स्टेरॉइडची सुई देतात. पुरावा त्यांना फक्त माझ्याकडून हवा होता.

आम्ही जेल सुरू केलं, अगदी कमी मात्रेने. ठरलेल्या वेळी रक्त, ठरलेल्या वेळी तपासणी, भरपूर पाणी, लांबच्या प्रवासात उतरून चालणं. पहिल्या काही महिन्यांत दिसण्यासारखं थोडंच घडलं. पण ती जेवू लागली. तुमसरजवळच्या एका राईस मिलमध्ये तिला कॉम्प्युटरवर बिलं करायचं काम मिळालं. मालकाने तिला एकच विचारलं म्हणे, सीझनमध्ये रविवारी येशील का. सुनंदाबाई आता तिला, लेकीला म्हणतात तसं, "बाई" म्हणून हाक मारू लागल्या होत्या. "ये बाई, आटप," असं मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि माझ्याकडे पाहून त्या जराशा लाजल्या.

मग धानाच्या हंगामात, मिलमध्ये काम वाढलं असताना, मयूरीला ताप आला. तापातच ती कामाला जात राहिली, खुर्चीवर बसून. पाणी प्यायला उठायची नाही, कारण उठलं की बाथरूमला जावं लागायचं, आणि मिलमधलं एकुलतं एक बाथरूम हमालांचं. चार जणांसमोरून तिथे जाण्यापेक्षा तिने तहान सोसली. हे तिने मला नंतर सांगितलं. डावा पाय सुजला, पोटरी दगडासारखी. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गाठ दिसली, मांडीपर्यंत चढलेली.

मी जेल तत्काळ बंद केलं, रक्त पातळ करायच्या सुया सुरू केल्या आणि तिला भरती केलं. वरून मी नेहमीसारखीच होते. आतून नव्हते. जेलने झालं? तापाने? बसून राहण्याने? कोरड्या अंगाने? की आजाराने आपणहून? कदाचित सगळ्यांनी मिळून. मी जे तिला सांगितलं होतं ते घडलं होतं, आणि सांगितलं होतं म्हणून पाय कमी सुजत नाही. मी तिला जेलबद्दल, पाण्याबद्दल, प्रवासाबद्दल सगळं विचारलं होतं. तिच्या कामाच्या जागी तिला जायला बाथरूम आहे का, हे मात्र विचारलं नव्हतं. ते विचारावं असं कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं.

बातमी फिरायला वेळ लागला नाही. सर्जनसाहेबांचा मेसेज आला. नुसता हात जोडल्याचं चित्र. अड्याळहून मामा आला. वॉर्डात, मयूरीच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तो सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला.

"मी पहिलेच म्हणालतो ताईले. रिएक्शन येईन म्हणून. ऐकलं कोणी माझं? आता पाय गेला तं काय करान? हार्मोन म्हणजे खेळ आहे काय?"

मी काही म्हणणार तेवढ्यात सुनंदाबाई स्टुलावरून उठल्या. ही बाई बारा वर्षांत माझ्यासमोर बारा वाक्यंही बोलली नसेल.

"दादा, तू तिले लॉजवर नेऊन सुया टोचल्या तवा खेळ नव्हता काय?"

"अवं, ते वेगळं..."

"काय वेगळं? तवा तिची छाती भरली. तवा तू म्हणाला का, मी चुकलो? मॅडमनं सांगतलं होतं गाठ होऊ शकते म्हणून. मले सांगतलं, तिले सांगतलं. तुया त्या मानसानं काय सांगतलं?" मग आवाज खाली आणून, "तू रक्त देल्लं तिले, मी विसरणार नाही. पर आता गप ऱ्हाय, नाही तं घरी जाय."

मामा गप राहिला. घरी मात्र गेला नाही. दुपारी मी राउंडला गेले तेव्हा तो मयूरीच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणत होता. दर थोड्या वेळाने एक पेला तिच्यापुढे धरत होता आणि ती पीत होती. त्याने माफी मागितली नाही, आणि मयूरीनेही त्याची वाट पाहिली असं मला दिसलं नाही.

पाय वाचला. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू राहिल्या. जेल बंद होतं आणि त्या काळात ती पुन्हा कोमेजत गेली. जेवण सुटलं, फोन उचलेनाशी झाली. चार-सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा बसलो. नागपूरचे डॉक्टर फोनवर, मायलेकी माझ्यासमोर. तज्ज्ञांचं म्हणणं असं की रक्त पातळ करायची गोळी कायम चालू ठेवायची असेल तर अगदी थोड्या मात्रेने जेल पुन्हा देऊन पाहता येईल, पण खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे स्वतःचे धोके, रक्तस्राव वगैरे. मी एकूण एक सांगितलं, काही लपवलं नाही, काही फुगवलं नाही.

मयूरी म्हणाली, "मले पाहिजे, मॅडम."

सुनंदाबाईंनी मला तो प्रश्न विचारला जो मला सगळ्यात नकोसा वाटतो. "तुमी माझ्या जागी असत्या तं काय केलं असतं?"

डॉक्टरांना या प्रश्नाचं एक गुळगुळीत उत्तर पाठ असतं. ते मी दिलं नाही. "मी घाबरले असते, बाई. कदाचित नको म्हणाले असते."

त्यांनी लेकीच्या पायावर हात ठेवला. "मी बी घाबरली आहो," त्या म्हणाल्या. "पर हे सहा महिने मी तिले पाहिलं. पाय चांगला होत गेला अन् पोरगी जात गेली. तुमी लिहा."

मी लिहिलं. सोबत मिलमालकाला फोन केला. वैद्यकीय सल्ला नव्हे, सरळ भांडण. बाथरूमला आतून कडी लागली आणि मयूरीसाठी एक चावी झाली. माझ्या सगळ्या वैद्यकीत रोग्याच्या इतक्या उपयोगाचं मी फार थोड्या वेळा काही केलं असेल.

गेल्या वर्षी मी दवाखाना बंद केला. मयूरी आता नागपूरच्या डॉक्टरांकडे जाते, रक्त तपासून घेते आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवते, मी विचारलं नाही तरी. अलीकडे एका लग्नात सर्जनसाहेब भेटले. पंगतीला माझ्या शेजारीच बसले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर मान तिरकी करून म्हणाले, "ती तुमची पेशंट हो, ते हार्मोनवालं प्रकरण. आहे ना अजून?"

"आहे. मिलमध्ये आता हिशेबाचं सगळं तीच बघते."

"नशीब म्हणायचं," ते म्हणाले आणि वाढप्याला जिलबी आणायला सांगितली. संध्याकाळ झाली की तिचा डावा पाय अजूनही सुजतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. ऐकून त्यांना फार बरं वाटलं असतं.